समोरचा का थांबलाय?

माझा भाचा आठवीत आहे आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी कराटेच्या क्लासला जातो. जानेवारीत होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठायच्या बेतात असताना जुळे सोलापुरातल्या त्याच्या शाळेचं गॅदरिंग झालं. त्यात क्लासच्या मुलांचं प्रात्यक्षिक होतं. भाचा तीन पावलं धावत आला, हवेत गिरकी घेतली आणि दोस्ताने धरलेला पॅड टाचेने असा उडवला की पहिल्या रांगेतल्या आयांनी पदर सावरले. शिट्ट्या, टाळ्या, वन्समोअर.

माझ्या शेजारी आमच्या गल्लीतले वस्ताद बसले होते. नातीचा नाच बघायला आले होते. पंचाहत्तरी ओलांडलेली, दोन्ही कान कुस्तीने मोडलेले. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, मग माझ्याकडे वाकून म्हणाले, "पोरगं लई भारी उडतंय की. पण मला एक सांग, समोरचा का थांबलाय?"

रात्री गाडीवर मागे बसून भाच्याने विचारलं, "मामा, ही किक खऱ्या फाइटमध्ये चालती ना?"

दोन्ही प्रश्न एकच आहेत. फरक एवढाच की वस्तादांचा प्रश्न नेमका आहे. या विषयावर बोलणाऱ्यांचे सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो हे सगळं नाचकाम, रिंगमध्ये दोन मिनिटंही टिकणार नाही. दुसरा मोबाइल काढून एखादा नॉकआउट दाखवतो आणि म्हणतो, हे काय मग? दोघांकडेही पुरावा असतो, म्हणून वाद मिटत नाही. मी काही मोठा लढवय्या नाही. कॉलेजात दोन वर्षं बॉक्सिंग केलं, त्यात नाकाचं हाड एकदा सरकलं, एवढीच कमाई. पण लढती बघायचं व्यसन तेव्हा लागलं ते सुटलं नाही.

आधी वेळेचा हिशेब करू, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे.

डोळ्याला काही दिसल्यापासून हात हलायला लागेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. सराव कितीही करा, यात फार घट होत नाही. आता बॉक्सिंगमधला जॅब घ्या, म्हणजे पुढच्या हाताचा साधा सरळ ठोसा. तोही जवळपास तेवढ्याच वेळात तोंडावर येतो. म्हणजे ठोसा सुटलेला बघून चुकवायला गेलात तर चुकवेपर्यंत तो लागलेला असतो. मग बॉक्सर चुकवतात कसे? ते ठोसा बघतच नाहीत, ठोशाच्या आधीचं बघतात. खांदा किंचित उचलला, पुढच्या पायावर वजन आलं, हनुवटी आत गेली. फलंदाज चेंडू सुटायच्या आधी गोलंदाजाचं मनगट वाचतो, तसंच.

आता गिरकीची किक. पाय मागे सरकतो, कंबर वळते, पाठ समोरच्याकडे होते, मान फिरते आणि मग टाच येते. अर्धा सेकंद सहज जातो, शिकाऊ पोराला त्याहून जास्त. तेवढ्यात समोरचा माणूस तुमचा सगळा बेत वाचून एक पाऊल मागे जाऊ शकतो. अनुभवी असेल तर मागे जात नाही, पुढे येतो. ते जास्त वाईट.

पुढे का? मंगळवेढ्याकडे ज्वारीच्या रानात पाखरं हाकायला गोफण फिरवतात. गोफणीचा सगळा वेग टोकाच्या दगडात असतो, दोरी धरलेल्या मुठीजवळ काहीच नसतो. गिरकीच्या किकचंही तेच आहे. टाच लागली तर माणूस आडवा, कारण अख्ख्या अंगाचं वजन फिरून त्या एका टाचेत उतरलेलं असतं. पण समोरचा पाऊलभर आत शिरला की त्याला टाच लागत नाही, मांडी लागते, आणि मांडी म्हणजे थोपटल्यासारखीच. वर तुम्ही एका पायावर, पाठमोरे आणि क्षणभर आंधळे. कुस्तीत पाठ मिळवायला पैलवान घाम गाळतो. इथे तुम्ही ती स्वतःहून वाढून दिलेली असते.

तोलाचं सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. सिद्धेश्वराच्या यात्रेतले सात नंदीध्वज आपण लहानपणापासून बघतो. तो उंच बांबू एका वेळी एकच माणूस पेलतो, आणि त्यासाठी यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव चालतो. त्यात पेलणाऱ्याला कुणी मधूनच ढकलत नाही, उलट सगळे जपतात. रिंगमध्ये समोरच्याचं कामच ढकलणं असतं. कॅनव्हासवर घाम सांडलेला, तळवे ओले, आणि तुमचं सगळं वजन एका पायाच्या चवड्यावर.

एवढं समजावून सांगितलं तर भाच्याला पटलं नाही. पटणार कसं? त्याने ती किक शंभरदा मारलेली होती आणि शंभर वेळा बरोबर लागली होती. वस्ताद म्हणाले, "रविवारी दोघांना तालमीत आण." दोघांना म्हणजे भाचा आणि पॅड धरणारा त्याचा दोस्त.

तालमीत त्यांनी पॅड बाजूला ठेवायला लावला. दोस्ताला एवढंच सांगितलं, "आता थांबायचं नाही. ह्यानं काही केलं की तुला वाटंल ते कर." पोराला कुस्ती येत नव्हती, कसला डाव ठाऊक नव्हता. भाच्याने गिरकी घेतली, हा घाबरून पुढे पळाला, हाताला लागला तो पाय धरला, आणि दोघेही मातीत पडले. भाचा खाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा किक मारायच्या आधीच भाचा थबकला. वस्ताद काही बोलले नाहीत, बादलीतून पाणी काढून तोंड धुतलं आणि हळद-ताक घातलेली माती खोऱ्याने सारखी करत बसले.

मग त्या रील्सचं काय? तिथे तर खरी लढत असते, समोरचा दोस्त नसतो, आणि तरी तो पडतो. पडतो, मान्य. पण रील सात सेकंदांची असते. त्याआधीची बारा मिनिटं कुणी दाखवत नाही, आणि गंमत त्या बारा मिनिटांतच असते.

१४ जानेवारी २०१२ ला रिओमध्ये यूएफसीच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळंच चालणाऱ्या स्पर्धेच्या, लढतीत ब्राझीलच्या एडसन बार्बोझाने इंग्लंडच्या टेरी एटिमला गिरकीच्या किकने झोपवलं. एटिम ताठच्या ताठ पडला, ओंडका पडावा तसा. ही क्लिप जगभर फिरली. पण तो तिसरा राऊंड होता. आधीच्या दोन राऊंडमध्ये बार्बोझा एटिमच्या पुढच्या पायावर लो किक मारत होता. मांडीवर पुन्हा पुन्हा तेच. लो किकने रीलवाल्यांचं पोट भरत नाही, पण ज्याच्या मांडीवर ती बसते तो पुढचे चार दिवस जिना उतरताना कठडा धरतो. दहा मिनिटं पाय सोलून निघाल्यावर माणसाचं लक्ष कुठे असेल? पायाकडे. बार्बोझाची कंबर हलली की एटिमचं शरीर सांगत असणार, आली परत मांडीवर. त्या वेळी ती वरून आली. एटिम का थांबला होता याचं उत्तर त्या आधीच्या किकमध्ये आहे.

ऑक्टोबर २०२० ची अबू धाबीतली यूएफसीचीच लढत तर वस्तादांच्या प्रश्नाचं चित्रच म्हणावं अशी. वाकीन बकलीने साधी किक मारली, इम्पा कासांगानायने ती हाताने पकडली. पकडलेला पाय सोडायचा नाही म्हणून तो जागेवर उभा, दोन्ही हात गुंतलेले, तोंड उघडं. बकलीने पकडलेला पाय सोडवलाच नाही. त्याच पायाचा टेकू घेऊन उडी मारली, गिरकी घेतली आणि दुसऱ्या पायाची टाच जबड्यावर ठेवली. भाच्याच्या दोस्ताने धरलेला पॅड जितका स्थिर होता तितकंच ते डोकं स्थिर होतं, आणि स्थिर ठेवायचं काम खुद्द कासांगानायच करत होता.

प्रत्येक वेळी समोरचा थांबलेलाच हवा असंही नाही. तो कुठे येणार हे आधीच ठाऊक असलं तरी भागतं. बेन ॲस्क्रन हा अमेरिकेचा ऑलिंपिक खेळलेला पैलवान. त्याचा धंदा एकच, खाली वाकायचं आणि पट काढायचा, म्हणजे पाय धरून पाडायचं. जुलै २०१९ मध्ये होर्हे मास्विदालने घंटा वाजताच धावत जाऊन उडी मारली आणि गुडघा पुढे केला. ॲस्क्रन सवयीप्रमाणे वाकला तो थेट गुडघ्यावर. लढत पाच सेकंदांत संपली. बघायला नशिबाचा खेळ वाटतो, पण वाकणाऱ्या माणसासमोरच उडता गुडघा मारावा, ताठ उभ्या राहणाऱ्या बॉक्सरसमोर मारू नये, हे गणित आधी केलेलं असतं. दुहेरी पटाला वाकलेल्या पैलवानाचं डोकं कुठे असतं हे आपल्याकडच्या कुठल्याही तालमीतलं पोरगं सांगेल.

माझी सगळ्यात आवडती मात्र जुनी आहे. स्वित्झर्लंडचा अँडी हग हा क्योकुशिन या पूर्ण जोराने लढायच्या कराटेतून आलेला. टाच डोक्यावरून खाली आपटणारी त्याची किक फार गाजलेली, त्यामुळे त्याच्यासमोर उभा राहणारा प्रत्येक जण वर बघायचा. १९९६ च्या के-वन ग्रांप्री या किकबॉक्सिंग स्पर्धेच्या अंतिम लढतीत माईक बर्नार्डोसमोर त्याने गिरकी घेतली, आणि टाच डोक्यावर न मारता मांडीवर मारली. एवढा मोठा बर्नार्डो मांडी धरून खाली. बार्बोझाने खालचं दाखवून वर मारलं, हगने वरचं दाखवून खाली.

यातून एक गोष्ट लक्षात येते. नेत्रदीपक डाव एकटा कधीच चालत नाही. सोलापुरी चादरीवरचं डिझाइन बघून गिऱ्हाईक हात लावतं, पण मागावर ते डिझाइन उठतं कशावर? ताण्यावर. उभे धागे ढिले असतील तर जॅकार्डचं कार्ड कितीही भारी असो, चादरीत भोक पडतं. लढतीत ताणा म्हणजे जॅब, लो किक, पावलांची चाल, पहारा म्हणजे हात वर ठेवणं, आणि दम.

दमाबद्दल थोडं. ब्राझीलचा मिशेल परेरा रिंगमध्ये कोलांट्या मारायचा, केजच्या जाळीवरून उड्या मारायचा, अक्षरशः. सप्टेंबर २०१९ मध्ये व्हँकुव्हरमध्ये त्याच्यासमोर ट्रिस्टन कॉनेली होता, जो ऐन वेळी काही दिवसांच्या सूचनेवर लढायला आला होता. परेराने पहिल्या राऊंडमध्ये सगळी सर्कस केली. पुढे त्याला श्वास पुरेना. कॉनेली साध्या साध्या गोष्टी करत राहिला आणि पंचांच्या निर्णयावर जिंकला. स्वतःचं अख्खं वजन हवेत फेकायला किती दम लागतो हे ज्यांनी पाचशे जोर-बैठका मारल्यात त्यांना विचारा. हवेत गेलेली प्रत्येक कोलांटी पुढच्या राऊंडच्या खात्यातून वजा होते. एक बरं, परेराने नंतर हा प्रकार आवरता घेतला आणि त्याचे निकाल सुधारले.

आता थोडं वेगळ्या बाजूने. भाच्याला क्लासमध्ये शिकवतात ते खोटं आहे का? नाही. ते वेगळ्या नियमांसाठी आहे.

ऑलिंपिकच्या तायक्वांदोत ठोशाला एक गुण, अंगावरच्या साध्या किकला दोन, डोक्यावरच्या किकला तीन. पण तीच किक गिरकी घेऊन मारली तर अंगावर चार आणि डोक्यावर पाच. म्हणजे नियमच सांगतो की फिरा. तिथे फिरणं हा शहाणपणा आहे, शिवाय पडलात तर कुणी अंगावर चढत नाही, पंच उठवतो. कराटेच्या स्पर्धेत उलट टोक. किक पोचली पाहिजे, पण ताब्यात. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, ७५ किलोवरच्या गटाच्या अंतिम फेरीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याने इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या मानेपाशी किक मारली आणि तो बेशुद्ध पडला. स्ट्रेचरवरून नेलेल्या गंजजादेहला सुवर्ण मिळालं, कारण हमेदीने जोर जास्त लावला म्हणून त्याला बाद केलं. किकबॉक्सिंग किंवा यूएफसीत हाच क्षण विजयाचा. एकच किक, एका खेळात कमाई, दुसऱ्यात गुन्हा.

आपल्याकडेही हे चालतंच. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याचा महेंद्र गायकवाड भिडले, आणि बाहेरच्या टांगेला चार गुण द्यायचे की नाही यावरून अख्ख्या जिल्ह्यात पारावर, टपरीवर, एसटीत भांडणं लागली. दोन्ही पोरं आपलीच, त्यामुळे भांडण आणखी तिखट. डाव तोच, पण तो कितीला धरायचा हे नियम ठरवतो, आणि पैलवान मग त्याप्रमाणेच डाव निवडतो. खाशाबा जाधवांनी तर आखाडाच बदललेला बघितला. मातीत वाढलेला पैलवान १९४८ ला लंडनला गेला, मॅटवर लढला आणि सहावा आला. मातीत पाय रुततो, मॅटवर चिकटतो. मातीत दम संपेपर्यंत झुंजायची मुभा, तिथे घड्याळ. चार वर्षांनी हेलसिंकीला त्याच माणसाने कांस्य आणलं. ती चार वर्षं काही नवी ताकद कमवण्यात गेली नाहीत, जे येत होतं ते दुसऱ्या जमिनीवर उतरवण्यात गेली.

नियमांचा सगळ्यात विचित्र तमाशा मात्र १९७६ चा. २६ जूनला टोकियोत मुहम्मद अली विरुद्ध जपानी कुस्तीगीर अँतोनियो इनोकी. जग बघत होतं. इनोकी सुरुवातीलाच पाठीवर आडवा झाला आणि खालून अलीच्या मांड्यांवर, पोटऱ्यांवर लाथा मारत राहिला. १५ राऊंड. अलीचे ठोसे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. प्रेक्षक चिडले, लढत बरोबरीत सुटली. यात नेत्रदीपक काहीच नव्हतं, इतकं कुरूप होतं की लोक पैसे परत मागत होते. पण अलीचे पाय सुजून त्याला दवाखान्यात जावं लागलं. जगातला सगळ्यात सुंदर बॉक्सर झोपलेल्या माणसासमोर काय करावं हे न कळून थांबला होता. म्हणजे समोरच्याला थांबवायला गिरकीच लागते असं नाही. त्याला ज्याची तोड माहीत नाही ते काहीही चालतं. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत सडपातळ रॉयस ग्रेसीने मोठमोठ्यांना जमिनीवर नेऊन गुंडाळलं तेही याचमुळे. जमिनीवरच्या खेळाची तोड तेव्हा बाकीच्यांकडे नव्हती. आज सगळ्यांकडे आहे.

(थांबणं हीसुद्धा एक तोड असते, हे जाता जाता. १९१० मध्ये लंडनला गामा पैलवानासमोर स्टॅनिस्लॉस झिबिस्को पोटावर पालथा पडून राहिला आणि सुमारे अडीच तास तसाच. गामाला त्याला उलटवता आलं नाही. वस्तादांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले, "त्याला कुस्ती म्हणत नाहीत, सत्याग्रह म्हणतात.")

तर मुद्दा तोडीचा आहे, आणि तोड कळते फक्त न थांबणाऱ्या माणसासमोर. इथे मला जपानच्या जिगोरो कानोंचा विचार फार मोठा वाटतो. १८८२ मध्ये त्यांनी ज्यूदोची शाळा काढली. जुन्या जुजुत्सूत हाड मोडणारे, डोळ्यांत बोट घालणारे भयंकर डाव होते. पण भयंकर डाव सरावात पूर्ण जोराने करता येत नाहीत, नाहीतर उद्या सरावाला कुणी येणार नाही. म्हणून ते हळू, ठरवून, समोरच्याच्या संमतीने करायचे. कानोंनी सगळ्यात धोकादायक डाव मोकळ्या सरावातून काढले, जे उरले ते पूर्ण ताकदीने, समोरचा विरोध करत असताना रोज करायला लावले. बघणाऱ्याला वाटेल की धार कमी केली. पण बोथट डाव रोज खऱ्या माणसावर घासला की तो धारदार डावापेक्षा जास्त कापतो. घासलेला नसेल तर धारदार डाव म्हणजे भिंतीवर टांगलेली तलवार.

कुस्तीत हेच आपोआप होत आलंय. धोबीपछाड घ्या, ढाक घ्या, कलाजंग घ्या. कुठल्या स्पिनिंग किकपेक्षा हे डाव दिसायला कमी आहेत का? माणूस खांद्यावरून फिरून पाठीवर आपटतो, हलगीवाला हलगी फोडायच्या बेतात येतो. पण ढाक लावणाऱ्या पोराने ती आधी हजार वेळा अशा जोडीदारावर लावलेली असते, ज्याला पडायचं नव्हतं. त्यातल्या नऊशे फसल्या असतील. फसल्यावर काय होतं हेही त्याच्या अंगाला ठाऊक असतं. म्हणून आखाड्यात नेत्रदीपक डाव टिकले आणि प्रात्यक्षिकाच्या स्टेजवरचे बरेचसे स्टेजवरच राहिले. २०१७ मध्ये चीनच्या चेंगडूत शू शाओदोंग नावाच्या एमएमए (सगळे प्रकार चालणाऱ्या मिश्र लढती) लढवय्याने एका ताईची गुरूला काही सेकंदांत खाली पाडलं, तेव्हा तिकडे मोठा गदारोळ झाला, परंपरेचा अपमान वगैरे. मला त्यात परंपरेचा दोष दिसत नाही. त्या गुरूसमोर कधी न थांबणारा माणूस आला नसावा, इतकंच दिसतं.

एक कसर राहिली. काही जण खरोखरच असे असतात की पायाभूत गोष्टी मोडूनही जिंकतात. हात खाली ठेवायचे, हनुवटी पुढे करायची, ठोसा येताना कमरेतून मागे झुकायचं. इंग्लंडचा बॉक्सर नसीम हमेद असा होता. १९९५ मध्ये जगज्जेता झाला, रिंगमध्ये दोरीवरून कोलांटी मारून उतरायचा. त्याला ते चालायचं कारण त्याचे डोळे आणि पाय इतरांपेक्षा खूप वेगवान होते आणि हातात दगड होता. एप्रिल २००१ मध्ये मेक्सिकोचा मार्को अँतोनियो बारेरा त्याच्यासमोर आला. बारेराने अंगावर धावून जायचं टाळलं, साधा जॅब, साधा डावा हूक, पाऊल बाजूला. हमेद वाट बघत राहिला, बारेरा त्याला हवा तिथे उभाच राहिला नाही. बारा राऊंड, स्पष्ट पराभव. रॉय जोन्स ज्युनियरचंही थोडं असंच. वर्षानुवर्षं कुणाला सापडला नाही, मग २००४ मध्ये पस्तिशीत अँतोनियो टार्व्हरने दुसऱ्याच राऊंडमध्ये झोपवला. वेगावर उभी केलेली शैली वेगाबरोबर जाते. जॅबला म्हातारपण उशिरा येतं.

मग क्लास निवडताना बघायचं काय, असं मला हल्ली पालक विचारतात. (भाच्याच्या गॅदरिंगनंतर गल्लीत मी उगीचच तज्ज्ञ झालोय.) पट्ट्याचा रंग आणि भिंतीवरची पदकं बघू नका. दाराशी अर्धा तास उभं राहा आणि मुलं एकमेकांशी मोकळं लढतात का ते बघा, हातात ग्लोव्ह, तोंडात गार्ड, पायाला पॅड घालून, हलक्या जोराने का होईना. आणि डाव फसल्यावर सर काय करतात ते बघा. फसल्यावर "परत कर" म्हणणारे पुष्कळ असतात. फसल्यावर "समोरच्याने काय केलं?" असं विचारणारे सर सापडले तर फी बघू नका. कौलं फोडायला माझी हरकत नाही, पोरांना मजा येते, कौलही उलट मारत नाही.

आणि रस्त्यावरच्या मारामारीत हे चालतं का, असं कुणी विचारलंच तर सात रस्त्यावरचं डांबर, पायात चप्पल, समोर दोघं, आणि त्यातल्या एकाच्या हातात काय आहे ते दिसत नाही. तिथे गिरकी घ्यायची असेल तर ती घराच्या दिशेने घ्यावी.

भाच्याने गिरकी सोडली नाही. वस्तादांनीही सोडायला सांगितलं नाही, उलट म्हणाले, "लाथ चांगलीय, तिला आधी घर बांधून दे." तीन रविवार त्याने फक्त मांडीवर हलकी लो किक मारली, पॅड बांधून. दोस्त कंटाळला, मग त्याने प्रत्येक वेळी गुडघा उचलून किक अडवायला सुरुवात केली, मग ती सवय झाली. चौथ्या रविवारी भाच्याची कंबर हलली, दोस्ताने गुडघा उचलला, एका पायावर उभा राहिला, म्हणजे थांबला. टाच खांद्यावर बसली, हलकीच, पण बसली. त्या संध्याकाळी भाच्याने मला ती गोष्ट चार वेळा सांगितली, दर वेळी किक थोडी वर सरकत होती, चौथ्या वेळेपर्यंत कानापर्यंत पोचली होती.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम बघायला गेलो. भाच्याने तेच केलं. लो किक, लो किक, कंबर, गिरकी. दोस्ताने या वेळी गुडघा उचललाच नाही. खांदा वळलेला दिसताच तो आत शिरला, आठवडाभरात तालमीतल्या कुणाकडून तरी शिकलेला एकेरी पट काढला, आणि भाचा परत मातीत.

"आता तो थांबतच नाही, मामा," कानातली माती काढत भाचा म्हणाला, आणि पुन्हा उभा राहायला गेला.